आजोळचा खडा

कर्जत, १० नोव्हेंबर

चि. सौ. सुनीती हिस दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आरंभीच एक गंभीर तक्रार नोंदवणे भाग आहे. दिवाळीच्या फराळाचा आमचा स्टीलचा डबा काल तुझ्या मोरेश्वररावांबरोबर परत आला, तो रिकामा. मी झाकण उघडलं, आत पाहिलं, डबा उपडा करून बुडावर थाप मारली. काही पडलं नाही. आपल्या घराण्यात वाटण्या झाल्या, रुसवेफुगवे झाले, एका चुलत्यांनी तर संन्यास घेऊन तो महिन्याभरात परत केला. पण परतीचा डबा रिकामा धाडण्यापर्यंत कोणाची मजल गेली नव्हती. निदान चिमूटभर साखर तरी घालायचीस. या पातकाला प्रायश्चित्त मी शोधलं, सापडलं नाही. असं कोणी करील, हे स्मृतिकारांना सुचलंच नसावं. माधवी म्हणते, वन्सं घाईत असतील, तुम्ही उगाच कीस काढू नका.

घाई कसली ते तुझ्या पत्रावरून कळलं. फोन न करता पत्र का, तेही कळलं. कंपनीच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या, त्यात ओजसचे कान तरुण. त्याने ऐकलं तर तो हसेल, असं तू लिहितेस. मी हसलो नाही. मला शिसारी आली.

म्हणजे भाच्याने रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या सगळ्या परीक्षा स्वतःच्या डोक्याने पार केल्या, आता डिसेंबरच्या मध्यावर फक्त मेडिकल उरली, आणि खोपोलीच्या कोण्या ज्योतिषाने तुला सांगितलं की शेवटची पायरी अडलेली आहे. ती कशाने सुटेल? दिवसा हिरवा आणि दिव्याखाली लाल होणाऱ्या अलेक्झांड्राइट नावाच्या खड्याने. आणि तो फळायचा तर आजोळहून, मामाच्या हातून मिळाला पाहिजे. अगं, मी उभा जन्म संस्कृत शिकवण्यात घालवला. आपली रत्नं नऊ. पुष्कराज, गोमेद, वैडूर्य, सगळी मोजून घे, त्यात हा रशियाचा पाहुणा कुठेच नाही. तो सापडूनच दोनशे वर्षं झाली नाहीत, आणि तिथल्या राजपुत्राच्या नावावरून त्याचं बारसं झालं. आपल्या ऋषींनी त्याचे गुण कधी लिहून ठेवले, हे त्या ज्योतिषालाच ठाऊक.

तरी तू सांगितलंस म्हणून गेलो. खालापूरला, हायवेला लागून, फार्महाउसच्या जाहिरातींच्या रांगेत ते दुकान आहे. काचेचं दार उघडलं आणि कुजक्या चाफ्यासारखा कसला तरी फवारा नाकात गेला. मालक स्वराज, एके काळचा माझाच विद्यार्थी. पाया पडला. म्हणाला, सर, तुमी आमचे गुरू, तुमाला आमी काय दाखवणार, पण डोळ्यांनी बगा, हाय का नाय चमत्कार. टेबलावर एका वाटीत दूध होतं, त्यावर साय, सायीत मुंगी, आणि तळाशी कोणा गिऱ्हाइकाचा पुष्कराज ‘जागृत’ होत पडलेला. मग स्वराजने गोळ्यांच्या बाटलीतून कापूस काढला, कापसातून आपला खडा काढला, त्यावर तोंडाने हा करून वाफ धरली आणि स्वतःच्या रुमालाने पुसून माझ्या तळहातावर ठेवला. तो रुमाल मी जन्मात विसरणार नाही.

बाहेर उन्हात नेला. आत पिवळ्या दिव्याखाली धरला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. तांदळाच्या दोन दाण्यांएवढा तो ऐवज दोन्हीकडे टाकीच्या कडेला धरलेल्या शेवाळासारखाच दिसला. स्वराज मात्र आतमध्ये दर वेळी आहाहा करत होता. हात साबणाने धुऊन हे पत्र लिहितो आहे. खडा खोटा आहे. विषय संपला.

ओजसला मेहनतीचं फळ मिळेल. लोभ असू दे, आणि पुढच्या डब्यात लाडू असू देत.

तुझा दादा

मोहोपाडा, १६ नोव्हेंबर

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

डब्याबद्दल साष्टांग दिलगिरी. पण वहिनींच्या चकल्या तू खाल्ल्यास की आम्ही, हे आधी ठरू दे. डबा आमच्याकडे आला तेव्हाच अर्धा होता.

आता खड्याचं. तुझं पत्र वाचून मी मुद्दाम स्वतः खालापूरला गेले. तू लिहिलेलं सगळं खरं आहे. तो वास, ती वाटी, तो रुमाल. मीही पदर नाकाला लावला. पण दादा, खडा बदलतो रे! उन्हात धरला तर चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखा हिरवा, आणि आत पिवळ्या बल्बखाली आणला तर कोकमाच्या सरबतासारखा लालजांभळा. माझ्या अंगावर काटा आला. तीन-चारदा आतबाहेर केलं. स्वराजची बायकोसुद्धा हसायला लागली, की ताई, दारच काढून ठिवू का.

आमच्या ह्यांना घरी येऊन सांगितलं. ते देवाला नमस्कारही घड्याळ बघून करतात, तुला माहीतच आहे. ते म्हणाले, त्यात चमत्कार नाही, त्यात क्रोमियम असतं. तो खडा हिरवा आणि लाल असा दोन्ही उजेड आतून जाऊ देतो. उन्हात हिरवा पुरेसा असतो म्हणून डोळ्याला हिरवा दिसतो, जुन्या बल्बच्या किंवा निरांजनाच्या उजेडात लाल जास्त म्हणून लाल. पांढऱ्या एलईडीखाली मात्र धड काही दिसत नाही. म्हणजे फसवणूक नाही, पण नोकरीचा आणि त्याचा काय संबंध, असं विचारून ते पेपर वाचायला लागले. संबंध मलाही सांगता येत नाही, दादा. पण गेल्या वर्षी आमच्या कॉलनीतला एक मुलगा सगळं पास होऊन मेडिकललाच अडकला. का, ते त्याच्या घरचे सांगत नाहीत. तो आता गेटवर पास तपासतो. मी रोज भाजीला जाताना त्याला बघते.

ओजसला हे वेड कुणी लावलं? तूच. सुट्टीत कर्जतला आला की तू त्याला स्टेशनवर न्यायचास, घाट चढायच्या आधी गाडीला मागून बँकर इंजिनं जोडतात ती दाखवायला. दुसरी पोरं डॉक्टर-इंजिनिअर म्हणत, हा सात वर्षांचा असल्यापासून बँकर म्हणतो, आणि लोकांना वाटतं बँकेत जाणार. ते एक सोडून त्याला दुसरं काही नकोच आहे. त्यासाठी मी एक खडा घ्यायला तयार झाले तर एवढी काय शिसारी?

आणि एक गोष्ट मला मुळीच आवडलेली नाही. काल त्याला दुकानात नेलं होतं. खडा त्याच्या हातावर ठेवला. त्याने उन्हात पाहिला, दिव्याखाली पाहिला, आणि म्हणाला, आई, हा तसाच आहे की. स्वराज खो खो हसला. म्हणाला, दादूस, मामाकडून पढून आलास वाटतं. तू त्याला फोन केलास ना? मामा-भाचे एका माळेचे मणी!

माझी एक पाटली स्वराजकडे ठेवली आहे. तो स्वतः खडा घेऊन तुमच्या घरी येईल. नीलम जसा घेण्याआधी उशाशी ठेवून बघतात, तसाच हाही तीन रात्री आजोळी ठेवायचा, वाईट स्वप्न पडलं नाही की घ्यायचा. तेवढं कर. वहिनींना नमस्कार. माया पातळ करू नकोस.

तुझी सुनीती

कर्जत, २२ नोव्हेंबर

चि. सौ. सुनीती हिस अनेक आशीर्वाद.

मी ओजसला फोन केलेला नाही. शपथ घालू नकोस, माझ्या शब्दावर भागव. त्याने पाहिलं आणि दिसलं ते सांगितलं. एवढ्या सगळ्यांत तोच एक निर्भय निघाला, याचा मला अभिमान वाटतो.

तुझा खडा तीन रात्री आमच्या देवघरात मुक्कामाला होता. स्वराजने तोंडी आज्ञा दिली होती की कच्च्या दुधात ठेवा, दूध बदलू नका. माधवीने पाळली. दुसऱ्या दिवशी दुपारी देवघराला आंबूस वास सुटला. तिसऱ्या दिवशी दूध फाटून त्याचे लोळे झाले, कडेला मुंग्यांची रांग, आणि वर एक चिलट मरून तरंगत होतं. आईने जिथे जन्मभर चंदन उगाळलं, त्या पाटावर! मी ते बोटाने काढलं आणि नळाखाली खडा धुतला. स्वप्न म्हणशील तर पडलं. मला गटारातून कोणी हाका मारत होतं. हा शुभशकुन की अपशकुन, त्या खोपोलीकराला विचार.

एवढ्यावर थांबलो नाही. मोरेश्वररावांचं क्रोमियम मी मान्य केलं. आमच्या घरात जुना बल्ब एकही शिल्लक नाही, म्हणून निरांजन लावलं, शेजारी खडा धरला. मग अंगणात. मग पुन्हा निरांजन. तेच शेवाळ, फार तर थोडं वाळलेलं. माधवीला बोलावलं. ती म्हणाली, अहो, लाल झाला की! मी म्हटलं, तुला वन्संनी पत्रात आधीच सांगून ठेवलंय काय दिसायचं ते. ती चिडली, म्हणाली, माझे डोळे काय पोस्टाने येतात का? आणि आत गेली. दोन दिवस आमटीत मीठ कमी आहे.

पण माझं म्हणणं शांतपणे ऐक. ज्ञान होण्याचे मार्ग आपल्या शास्त्रांनी सांगितले, त्यात पहिला मान प्रत्यक्षाला. दुसऱ्याने सांगितलेलं नंतर. तू, माधवी, स्वराज, त्याची बायको, तुम्ही सर्व जण आधी ऐकलंत आणि मग पाहिलंत. मी आधी पाहिलं. माझ्या बाजूला प्रत्यक्ष प्रमाण आहे. तुझ्या डोळ्यांवर आशेची झापड आहे, आणि त्या झापडेचा भाव तो माणूस तुझ्या पाटलीत लावतो आहे. या धंद्याचा मला वीट आला आहे. पूर्वी ठकवायचं तर निदान बुद्धी लागायची. आता काचेचं दार आणि नासकं दूध पुरतं.

खडा मोरेश्वररावांच्या हाती परत देतो आहे. मी तो देणार नाही. भाच्याला माझ्या हातून काय मिळावं, एवढं ठरवण्याचा अधिकार मामाला असावा.

राग मानू नकोस. मानलास तरी लोभ वेगळ्या डब्यात ठेव.

दादा

मोहोपाडा, २ डिसेंबर

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिते.

खडा ह्यांनी मुंबईच्या प्रयोगशाळेत तपासायला दिला होता. मी नव्हे, ह्यांनी. तुझ्याच समाधानासाठी. काल खड्याबरोबर कागद आला. खडा अस्सल आहे, खाणीतला आहे, कारखान्यात बनवलेला नाही, आणि रंगबदल ‘ठळक’ असं छापलेलं आहे. छापणाऱ्याच्या डोळ्यांवर आशेची झापड नसावी.

तू मला अडाणी म्हणालास तरी मी गिळलं असतं. पण वहिनींना खोटं ठरवलंस, ह्यांना खोटं ठरवलंस, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुलाला आपल्या बाजूला ओढलंस. काल दिवेलागणीला मी ओजसला देवाजवळ बसवलं. खडा निरांजनापाशी धरला. म्हटलं, बाळा, मस्करी पुरे, खरं सांग. तो म्हणाला, आई, मला खरंच काही वेगळं दिसत नाही, तुला बरं वाटणार असेल तर लाल म्हणतो. आणि हसत हसत बाहेर गेला. ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी एकटीच देवापुढे बसून होते. दोघांनी मिळून माझी चेष्टा चालवली आहे.

मेडिकल सोळाला आहे. रविवारी, सातला, आम्ही खडा घेतो आहोत. अंगठीही त्याच दिवशी. तू येऊन ती आपल्या हाताने त्याच्या बोटात घालावीस, एवढंच मागणं आहे. विश्वास नको ठेवूस. नुसता ये. आला नाहीस तर मी समजेन की माझ्या मुलाचं चांगलं व्हावं यापेक्षा तुला वाद जिंकणं मोठं वाटतं.

लोभाचं काय ते तूच ठरव.

सुनीती

कर्जत, ५ डिसेंबर

प्रिय सुनू,

आज तक्रार नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी उत्तर मनात जुळवायला घेतलं होतं, चांगलं धारदार. ओजसच्या ‘मला खरंच काही वेगळं दिसत नाही’ या वाक्यापाशी थांबलो. तिथे मी नव्हतो, दुकानातला गोंगाट नव्हता, आणि तुझ्याशी तो खोटं बोलत नाही. मग मला आमच्या शेजारची रिया आठवली. तुझा खडा दुधातून काढून देवघरात ठेवला होता, त्या दिवशी ती सकाळी विरजण मागायला आली होती आणि संध्याकाळी वाटी परत द्यायला. निरांजन लावलेल्या देवघरात डोकावून तिने विचारलं होतं, काका, सकाळी हिरवा होता ना, हा लाल दुसरा आणलात? तिला कोणीही काही सांगितलेलं नव्हतं. मी तुला हे लिहिलं नाही. माझ्या प्रमाणशास्त्रात ते बसत नव्हतं.

काल बाजारपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक पुस्तक पुढे ठेवलं. पानापानावर रंगीत ठिपक्यांची वर्तुळं, आणि त्यात आकडे लपवलेले. पहिल्या पानावर मला बारा दिसला. दुसऱ्या पानावर ठिपके होते. तिसऱ्यावर ठिपके होते. मी पानं उलटत राहिलो, आणि त्यांची असिस्टंट मुलगी माझ्या मागे उभी राहून आकडे पुटपुटत होती, तिला सगळे दिसत होते.

लाल आणि हिरवा मला जन्मापासून नीट वेगळे दिसत नाहीत, सुनू. आणि मला ते आज कळतं आहे. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, हे चुकीच्या ज्ञानाचं उदाहरण मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. तो माणूस वर्गात उभा राहून खडू हातात धरून बोलतोय, असं कधी मनात आलं नाही. माधवी टोमॅटो कच्चे आणले म्हणून बोलते, तेव्हा मी तिला काटकसरीवर व्याख्यान देतो. आपल्या परसातल्या बोरीखाली मी आणि ओजस बसायचो, तेव्हा तूच ओरडायचीस ना, की दोघांनी मेली सगळी कच्ची बोरं वेचली.

डॉक्टरांनी विचारलं, सख्खी बहीण आहे का, तिला मुलगा आहे का. हे आईकडून मुलाकडे येतं. बाईला स्वतःला सगळं नीट दिसतं, तिला पत्ताही नसतो. आपल्या आईलाही नव्हता. यात तुझा दोष शोधायला बसशील, म्हणून आधीच सांगतो, तो नाही. तुझाही नाही, आईचाही नाही. पण इंजिन चालवणाऱ्याच्या मेडिकलला ते हेच पुस्तक आधी उघडतात. सिग्नल बघायचे असतात त्याला. तुमच्या कॉलनीतला तो मुलगा का अडकला, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचं धैर्यही नाही.

तुझा खडा खरा आहे. मी तुला, माधवीला आणि मोरेश्वररावांना जे बोललो ते मागे घेतो. स्वराजचं नासकं दूध आणि त्या खोपोलीकराचं भविष्य मात्र मागे घेत नाही. खडा खरा निघाला म्हणून त्यांचा धंदा खरा होत नाही. स्वराजकडून तुझी पाटली आणू. अंगठी करू नकोस.

रविवारी मी येतो आहे. सोमवारी पनवेलच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, ओजससाठी. कदाचित त्याला दिसेल. आईकडे असलं तरी तिच्या सगळ्या मुलांना हे येतंच असं नाही, निम्म्यांना येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मोरेश्वररावांना हे पत्र वाचताच सांग, त्याला सांगू नकोस. ते मी करीन. आजोळहून आलेली गोष्ट आहे, मामानेच हातात द्यायला हवी.

कळावे, असं लिहून इथे थांबायची रीत आहे. थांबवत नाही. मला खड्याची काळजी कधीच नव्हती, पैशाचीही नाही. मी भितो आहे. तो ते पुस्तक उघडेल, बारा म्हणेल, पान उलटेल, आणि पुढे काही दिसलं नाही की त्याला वाटेल मामाने काहीतरी गंमत काढली आहे. तो माझ्याकडे बघून हसेल. 

तुझा दादा